दोन स्पीकर, एक टेप आणि दहा बाय पंधराचा हॉल

भाच्याचा फोन आला. "मामा, स्पीकर घेतले. सगळे चांगले म्हणतात, पण मला काही खास वाटत नाहीत. जुना साउंडबार असाच वाजायचा."

"ठेवलेत कुठे?"

"एक टीव्ही युनिटवर. दुसरा तिथे मावेना म्हणून शू-रॅकवर, दाराजवळ."

पुढचं ऐकायची गरज नव्हती. रविवारी मोजायचा टेप, रंगारी वापरतात ती कागदी चिकटपट्टी, एक पेन्सिल सेल आणि हातात धरायचा आरसा पिशवीत टाकून त्याच्याकडे गेलो. पुण्यातला नेहमीचा फ्लॅट. हॉल दहा बाय पंधराचा, खाली टाइल्स, एका बाजूला बाल्कनीचं सरकतं काचेचं दार, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराकडे जाणारा पॅसेज, टीव्ही दहा फुटी भिंतीवर आणि सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला. मराठी माणसाचा हॉल म्हटलं की हाच डोळ्यासमोर येतो, म्हणून त्या दिवशी जे केलं तेच क्रमाने लिहितो. तुमच्या मापांप्रमाणे आकडे बदलून घ्या.

आधी कागद वाचा, पण आकड्यांना भुलू नका

घरातल्या स्टिरिओ स्पीकरचे ढोबळ दोन प्रकार. एकात ॲम्प्लिफायर (ॲम्प), म्हणजे आवाजाला ताकद देणारं यंत्र, खोक्यातच असतं. त्याला विजेची पिन लागते आणि फोन, टीव्ही किंवा लॅपटॉप थेट जोडता येतो. दुसऱ्याला बाहेरून वेगळा ॲम्प लागतो, मागे फक्त लाल आणि काळी अशी दोन टर्मिनल्स असतात. भाच्याचे दुसऱ्या प्रकारचे होते. पाच इंची वूफर, वर छोटा ट्विटर, मागे एक गोल भोक. खालचे आणि मधले स्वर वूफर काढतो, वरचे ट्विटर, आणि कोणता स्वर कोणाकडे जाईल हे आतली क्रॉसओव्हरची पाटी ठरवते. बहुतेक छोट्या स्पीकरमध्ये ही वाटणी दोन-तीन हजार हर्ट्झच्या (सेकंदाला तेवढी कंपनं) आसपास होते. मागचं भोक म्हणजे पोर्ट. वूफर मागे ढकलतो ती हवा त्यातून येते आणि खालच्या स्वरांना हातभार लावते.

आता वॉट. टेपरेकॉर्डरच्या जमान्यातले "१००० वॉट पीएमपीओ" असे चकचकीत स्टिकर आठवतात? त्या आकड्याचा ऐकू येणाऱ्या आवाजाशी काही संबंध नव्हता. बघायचा तो आरएमएस, म्हणजे ॲम्प सलग किती शक्ती देऊ शकतो तो आकडा. आणि त्याहून कामाची, कोणी वाचत नाही अशी एक ओळ स्पीकरच्या कागदावर असते, सेन्सिटिव्हिटी. भाच्याच्या स्पीकरची ८६ डेसिबल होती. याचा अर्थ, साधारण १ वॉट दिला तर १ मीटरवर ८६ डेसिबल आवाज. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. खोलीत भिंती काही आवाज परत देतात म्हणून त्याहून कमी घट होते, आणि वर स्पीकर दोन आहेत. म्हणजे खुर्चीत बसल्यावर एका वॉटमध्येच ८० डेसिबलच्या पुढे. संध्याकाळी घरात एवढं पुष्कळ झालं, सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज यायला पुरेसं.

त्याचा ॲम्प ४० वॉटचा. "८० वॉटचा घ्यायला हवा होता का?" शक्ती दुप्पट केली की मिळतात फक्त ३ डेसिबल, म्हणजे जेमतेम जाणवेल इतका फरक. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, आणि त्यासाठी शक्ती दहापट. तेव्हा ४० आणि ८० च्या मध्ये झुरत बसू नका. मात्र छोटा ॲम्प शेवटपर्यंत पिळू नका. त्याची ताकद संपली की तो लहरींचे माथे छाटून पाठवतो, आवाज फाटतो आणि मार खातो तो बिचारा ट्विटर. फाटल्यासारखं वाटलं की नॉब मागे.

ओहमचा, म्हणजे स्पीकरच्या रोधाचा, आकडाही जुळवा. स्पीकर ४ ओहमचा असेल तर ॲम्पच्या मागे ४ ओहम चालतो असं लिहिलेलं हवं. ६ किंवा ८ ओहम असेल तर सहसा चिंता नाही.

वायर

वायरींवरून लोक भांडतात, तुम्ही त्यात पडू नका. भाच्याने फोनवर एका वायरचा फोटो पाठवला होता, किंमत त्याच्या ॲम्पच्या निम्मी. मी पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या तापकीर गल्लीतून १० मीटर साधी तांब्याची वायर घेतली, दीड स्क्वेअरची, दोन तारा जोडून येते ती. हिशेब असा, की १.५ चौरस मिलिमीटर तांब्याचा रोध मीटरमागे साधारण ०.०१२ ओहम. स्पीकरपर्यंत ५ मीटर वायर म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर, ०.१२ ओहम. सहा-आठ ओहमपुढे हे नगण्य आहे. अंतर १० मीटरच्या वर असेल किंवा स्पीकर ४ ओहमचे असतील तर अडीच स्क्वेअरची घ्या, विषय संपला.

एक मात्र बघा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर तांब्याची म्हणून खपवली जाते. टोकाची एक तार ब्लेडने खरवडली आणि आत पांढरी निघाली तर परत करा.

ॲम्पची पिन काढून मगच वायर जोडा. टोकं साधारण अर्धा इंच सोला, तारांना नीट पीळ द्या आणि टर्मिनलच्या भोकात घालून घट्ट आवळा. बाहेर एकही केस लोंबता कामा नये. लालची तार काळीला टेकली तर ॲम्प जायचा धोका असतो. वायरीच्या टोकांना बनाना पिन (टर्मिनलमध्ये थेट खोचायच्या पिना) लावल्या तर हे काम कायमचं सोपं होतं.

लाल-काळीची गोष्ट

इथे माझी फजिती सांगायला हवी. पहिले स्पीकर घेतले तेव्हा मी जवळजवळ आठ महिने "या कंपनीच्या मालात बॅसच नाही" असं भेटेल त्याला सांगत होतो. गायकाचा आवाज कुठून येतो तेही कळायचं नाही, डोक्याभोवती तरंगल्यासारखा वाटायचा. दिवाळीच्या साफसफाईत युनिट ओढलं तेव्हा दिसलं, डाव्या स्पीकरला लाल वायर काळ्यात आणि काळी लालमध्ये. मीच जोडलेली.

असं झालं की एका स्पीकरचा पडदा हवा पुढे ढकलतो त्याच क्षणी दुसऱ्याचा मागे ओढतो. खालचे स्वर एकमेकांना मारतात. काही जळत नाही, काही बंद पडत नाही, म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते. वायरच्या एका तारेवर रेघ, रंग किंवा उंचवटा असतो. दोन्हीकडे तीच तार लालला, एवढं पाळा.

खात्री करायची असेल तर पेन्सिल सेल काढा. ॲम्पकडची टोकं सोडवून घ्या. सेलची अधिक बाजू लालच्या तारेला, उणे काळीच्या तारेला, क्षणभरच टेकवा. "टक्" असा आवाज येईल आणि वूफरचा पडदा किंचित हलेल. दोन्ही स्पीकरमध्ये तो एकाच दिशेला हलला पाहिजे, बहुधा बाहेर. ही युक्ती फक्त बिनॲम्पच्या स्पीकरवर, ॲम्प आत असलेल्यांवर नाही.

भाच्याची जोडणी बरोबर होती. तो माझ्यापेक्षा शहाणा आहे.

मध्ये स्पीकर नाही, मग आवाज मधून कसा येतो?

हे कळलं की पुढचा सगळा टेपचा खटाटोप का करायचा ते कळतं. दोन्ही स्पीकरमधून तोच आवाज, तेवढाच मोठा, एकाच क्षणी कानांवर पोचला की मेंदू दोन उगम मानत नाही. तो एकच आवाज समोर मधोमध बसवतो, जिथे रिकामी भिंत आहे. डावा थोडा मोठा केला की गाणारा डावीकडे सरकतो. १९३१ च्या डिसेंबरमध्ये इंग्लंडमधल्या ईएमआय कंपनीतला इंजिनिअर अ‍ॅलन ब्लुमलाइन याने यावर पेटंटचा अर्ज केला. आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो त्याचं बरंचसं मूळ त्या कागदात आहे.

मेंदूची ही समजूत फार नाजूक असते. भाच्याच्या हॉलमध्ये आम्ही शेवटी जी मांडणी केली, तिच्यात मधून फूटभर डावीकडे सरकलं तर डावा स्पीकर उजव्यापेक्षा पाऊण फुटाहून थोडा जास्त जवळ येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४४ मीटर जातो, म्हणजे डावीकडचा आवाज पाऊण मिलिसेकंद आधी पोचतो. एवढ्या लवकर आलेल्यालाच मेंदू खरा धरतो आणि गाणारी बाई भिंतीवरून उठून डाव्या खोक्यात जाऊन बसते. भाच्याला खुर्चीत बसवून डावीकडे झुकायला सांगितलं. "अरे, गेली!" म्हणाला. मग उजवीकडे झुकला. पाच मिनिटं तेच चाललं होतं.

दाराजवळच्या शू-रॅकवर ठेवलेल्या स्पीकरचं काय झालं असेल ते आता वेगळं सांगायला नको.

टेप काढा

क्रम महत्त्वाचा. आधी बसायची जागा, मग स्पीकरची. लोक उलटं करतात.

बसायची जागा खोलीच्या रुंदीच्या बरोबर मध्ये हवी, म्हणजे डाव्या-उजव्या भिंती सारख्या अंतरावर. लांबीत मात्र बरोबर मध्ये नको आणि मागच्या भिंतीला टेकूनही नको. कारण ऐकाच, वाचू नका. फोनवर टोन जनरेटरचं, म्हणजे एकच स्वर सलग वाजवणारं, कुठलंही ॲप घ्या, फोन ॲम्पला जोडून ७५ हर्ट्झ लावा, आवाज बेताचा ठेवा आणि हॉलमध्ये लांबीच्या दिशेने हळूहळू चाला. पंधरा फुटी हॉलमध्ये हा स्वर दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी आणि बरोबर मध्यभागी फुगतो, तर प्रत्येक भिंतीपासून पावणेचार फुटांवर जवळजवळ गायब होतो. त्या स्वराची तरंगलांबी खोलीच्या लांबीएवढी असल्यामुळे लहरी भिंतींवर आपटून जागच्या जागी थबकतात. हे कागदावरचं गणित. उघडा पॅसेज आणि दारं त्यात थोडी गडबड करतात, पण भाच्याच्या हॉलमध्ये फरक इतका होता की त्याची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता का बंद केलं?" कोणी बंद केलं नव्हतं. ती फक्त दारातून दोन पावलं पुढे आली होती.

तुमच्या खोलीसाठी आकडा काढायचा तर ३४४ ला खोलीच्या मीटरमधल्या लांबीने भागा. येईल त्या स्वरावर हा प्रयोग होतो.

सोफा भिंतीला टेकलेला असला की खालचे स्वर गुबगुबीत, चिकट लागतात आणि मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज सगळं चेपून टाकतो. सोफा फूट-दीड फूट पुढे ओढता आला तरी फरक पडतो. आम्ही दुसरा मार्ग काढला. टीव्हीच्या भिंतीपासून ९ फुटांवर, म्हणजे मागे ६ फूट सोडून, जमिनीवर पट्टीची फुली मारली. मन लावून ऐकायचं तेव्हा खुर्ची त्या फुलीवर आणायची, एरवी हॉल जसा होता तसा. घरात शांतता राहते.

आता स्पीकर. दोन्हींमधलं अंतर साडेसहा फूट, ट्विटरपासून ट्विटरपर्यंत. तिथून कानापर्यंत प्रत्येकी साडेसात. पुस्तकी नियम तिन्ही बाजू सारख्या ठेवा असं सांगतो. तिथून सुरुवात करा आणि खोली देईल तेवढं घ्या. अंतर फार वाढलं की मध्ये पोकळी पडते, गाणारा एकटा आणि तबला दूर कोपऱ्यात. फार कमी झालं की सगळी मैफल एका पाटावर कोंबल्यासारखी.

दोन्ही साडेसात फुटी अंतरं मोजताना एका माणसाने खुर्चीत बसून टेप नाकाशी धरायचा, दुसऱ्याने ट्विटरपाशी. अर्ध्या इंचापर्यंत जुळवा. हे चोखंदळपणाचं वाटतं, पण आत्ताच पाऊण मिलिसेकंदाचा प्रताप पाहिलात.

भिंतींपासूनची अंतरं सारखी ठेवू नका. स्पीकरचं तोंड मागच्या भिंतीपासून सव्वादोन फूट, बाजूच्या भिंतीपासून पावणेदोन, असं आमचं बसलं. भिंतीवरून परतणारा आवाज ठरावीक स्वरापाशी मूळ आवाजाला खातो. ३४४ ला मीटरमधल्या अंतराच्या चौपटीने भागलं की तो स्वर येतो, म्हणजे सव्वादोन फुटांना साधारण १२५ हर्ट्झ आणि पावणेदोन फुटांना साधारण १६०. दोन्ही अंतरं एक केली तर एकाच जागी दुहेरी खड्डा पडतो.

कोपरा टाळा. कोपऱ्यात बॅस भरपूर येतो खरा, पण तो डग्गा आणि ढोल यांतला फरक बुजवणारा बॅस. जागाच नसेल आणि स्पीकर भिंतीजवळच ठेवावा लागत असेल तर मागच्या पोर्टमध्ये गुंडाळलेला जुना सुती मोजा घालून बघा. गंमत नाही, काही कंपन्या या कामासाठी खोक्यात फोमचे बोळेच देतात.

उंची

ट्विटर कानाच्या उंचीला. सोफ्यावर बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून तीन-सव्वातीन फुटांवर येतो. टीव्ही युनिट दीड फूट, त्यावर फूटभर उंचीचा स्पीकर, म्हणजे ट्विटर तुमच्या पोटाला गाणं ऐकवतोय. वरचे स्वर सरळ रेषेत जातात, कानाची उंची चुकली की बासरीची फुंक आणि झांजेची किणकिण हरवते.

सगळ्यात चांगले स्टँड. बाजारातले महाग वाटले तर फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी पाइपचे अठ्ठावीस इंची करून घ्या, पाइपात कोरडी वाळू भरा, म्हणजे ते घणघणत नाहीत. आम्ही तात्पुरती दोन सारखी लाकडी स्टुलं घेतली, वर कडप्प्याचे तुकडे. जड, सपाट आणि स्वस्त. स्पीकर आणि कडप्पा यांच्यामध्ये रबराचे चार ठिपके.

युनिटवरच ठेवायचे असतील तर पुढची बाजू उचलून तोंड कानाकडे करा. नऊ इंचांचा फरक आणि साडेसात फूट अंतर असेल तर आठ इंच खोल स्पीकरच्या पुढच्या कडेखाली पाऊण-एक इंचाची पट्टी पुरते. आडवा झोपवू नका, उभा स्पीकर उभाच. आणि घरात भारतीय बैठक असेल, गादीवर मांडी घालून ऐकायची सवय असेल तर कान जेमतेम अडीच फुटांवर असतो, तेव्हा बाजारातले स्टँड उंच पडतात. आमच्या आत्याकडे नेमकं हेच झालं होतं. तिने मग स्टँड विकून पाट घेतले.

शेवटी तोंडं आत वळवायची. आधी नाकाच्या रोखाने, मग थोडी बाहेर, डोक्याच्या फूटभर मागे रोख जाईल एवढी. खुर्चीत बसून पाहिलं तर दोन्ही खोक्यांची आतली बाजू सारखी दिसली पाहिजे. एकीकडची जास्त दिसत असेल तर तो स्पीकर कमी वळलाय. आवाज टोचत असेल तर अजून बाहेर वळवा, मधला गायक पसरट वाटत असेल तर आत.

खोली गप्प करायची नाही, फक्त थोडी आवरायची

हॉलच्या मध्ये उभं राहून टाळी वाजवा. टाळीमागे "टर्रर्र" अशी बारीक शेपूट ऐकू आली तर समोरासमोरच्या दोन मोकळ्या भिंती आवाज टेनिससारखा खेळवतायत. टाइल्स, काच आणि गुळगुळीत प्लास्टर, आपली घरं यात पटाईत.

आरसा यासाठी होता. भाचा खुर्चीत, मी बाजूच्या भिंतीला आरसा चिकटवून सरकवत होतो. त्याला आरशात ट्विटर दिसला त्या जागेवर पट्टी. तिथून पहिला परतीचा आवाज येतो. एका बाजूला ती जागा नेमकी बाल्कनीच्या काचेवर आली, तिथे जाड पडदा ओढला की काम झालं. दुसऱ्या बाजूला पॅसेज, भिंतच नाही. म्हणून तिकडचा स्पीकर किंचित हलका वाजतो. बॅलन्सचा नॉब एक खूण त्या बाजूला सरकवला, झालं. दोन बाजू तंतोतंत सारख्या असलेला हॉल मी तरी कोणाच्या घरी पाहिलेला नाही.

स्पीकर आणि खुर्चीच्या मध्ये जमिनीवर सतरंजी किंवा गालिचा. भिंतीवर पुस्तकांचं कपाट असेल तर उत्तम, वेडीवाकडी पुस्तकं आवाज विखुरतात. आजीची गोधडी भिंतीवर टांगली तर दिसतेही छान आणि वरचे स्वर शोषते. मात्र गोधडीने बॅस आटोक्यात येईल अशी अपेक्षा नको. ५० हर्ट्झची लहर जवळजवळ ७ मीटर लांब असते, तिला दोन इंच कापूस म्हणजे काहीच नाही. तिचा उपाय एकच, स्पीकर आणि खुर्ची सरकवणं.

आणि हो, सगळ्या भिंती फोमने मढवू नका. खोली मेलेली लागते.

खडखड शोधा

टोन जनरेटरवर ४० पासून २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जा. घरातल्या वस्तू एकेक करून बोलू लागतील. भाच्याकडे ९० च्या आसपास शोकेसची काच, ११० ला पितळी समई आणि १४० च्या पुढे एक गूढ किणकिण. ती शोधायला वीस मिनिटं लागली. टीव्हीमागे लटकणारी सेट-टॉप बॉक्सची वायर प्लास्टिकवर आपटत होती. काचेला रबराचे ठिपके, समई देवघरात, वायरला टाय.

सतत "घूं" असा आवाज येत असेल तर प्रकरण वेगळं. केबल टीव्हीची जाड वायर सेट-टॉप बॉक्समधून क्षणभर काढून बघा. आवाज थांबला तर केबलचं आणि घरातलं अर्थिंग यांची आपसात जुंपलीय. केबलवाल्याकडून आयसोलेटर बसवून घ्या. ॲम्पच्या पिनेचा अर्थचा पाय कापायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्यात जीव जाऊ शकतो.

ऐकून बघायची वेळ

नव्या स्पीकरवर लोक सगळ्यात धडाकेबाज गाणं लावतात. त्यात काही कळत नाही. पहिली परीक्षा मोनो आवाजाची, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून अगदी तोच आवाज. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये "मोनो ऑडिओ" असतं, ते चालू करा आणि एकट्या माणसाचं बोलणं लावा. नाहीतर जुनं नाट्यसंगीत काढा. बालगंधर्वांच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या मोनोच आहेत. आवाज दोन खोक्यांच्या मध्ये, हातभर रुंदीत, एका जागी उभा राहिला पाहिजे. पसरला तर लाल-काळी तपासा. एका बाजूला झुकला तर टेप पुन्हा काढा. काम झालं की सेटिंग बंद करायला विसरू नका. आमच्या ओळखीतले एक काका वर्षभर मोनो ऐकत होते आणि स्टिरिओचं कौतुक करत होते.

दुसरी परीक्षा तंबोऱ्याची. काळी एकच्या पुरुषी पट्टीत खर्जाच्या तारेचा मूळ स्वर साधारण ६९ हर्ट्झ येतो. पाच इंची वूफरच्या आवाक्याच्या अगदी कडेला. खर्ज छेडल्यावर त्याची वलयं शेवटपर्यंत मोजता आली, पुढची तार आली तरी आधीची विरघळताना ऐकू आली, तर जागा बरोबर आहे. सगळं मिळून एकच भुंग्याचा गुंजारव होत असेल तर स्पीकर भिंतीपासून दोन-दोन इंच पुढे घेत पुन्हा ऐका. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

तिसरी, डग्गा. मनगटाने दाबून काढलेली मींड खालून वर सलग चढली पाहिजे. मध्येच एक स्वर ठणकन मोठा आला तर ती खोली बोलतेय. खुर्ची सहा इंच मागेपुढे करून बघा.

संध्याकाळी भाचा खुर्चीत बसला. मी एक जुनी मैफल लावली, ख्याल, बरोबर तबला आणि पेटी. तो काही बोलला नाही. मग उठला, टीव्हीच्या भिंतीपाशी गेला, दोन स्पीकरच्या मध्ये हात फिरवून परत येऊन बसला. बॅस कमी वाटतो का विचारलं तर म्हणाला, आधी जास्त होता पण तो कळत नव्हता. सबवूफरचा, म्हणजे फक्त खालचे स्वर काढणाऱ्या वेगळ्या स्पीकरचा, विषय त्याने काढला होता, तो सहा महिन्यांवर ढकलला. ही जोडी नीट ओळखीची होण्याआधी तिसरा पाहुणा आणला की भांडण कोण करतंय ते समजत नाही.

राखण

जाळी काढून पडदा ओल्या फडक्याने पुसू नका, कोरडा मऊ ब्रश बस. ट्विटरला तर बोटही लावू नका, आणि घरात दोन वर्षांचं मूल असेल तर जाळी काढूच नका. वूफरच्या कडेची गोल पट्टी रबराची असेल तर वर्षानुवर्षं टिकते. जुन्या स्पीकरमध्ये ती फोमची असते आणि आपल्या दमट हवेत भुगा होऊन गळते. सेकंडहँड घेताना आधी तीच बघा, नवी बसवून मिळते. पावसाळ्यात बाल्कनीच्या दारातून झड येईल त्या बाजूचा स्पीकर हातभर आत घ्या.

सगळं मनासारखं बसलं की स्टुलाच्या चारही पायांभोवती जमिनीवर पट्टीचे छोटे काटकोन चिकटवा. भाच्याकडे सोमवारी सकाळी फरशी पुसायला ताई आल्या आणि दोन्ही स्पीकर व्यवस्थित उचलून भिंतीला लावून गेल्या. त्याने मला फोन केला नाही. संध्याकाळी येऊन स्टुलं काटकोनांत परत ठेवली, एवढंच.